स्वस्तातला प्रवेश

जहाजावरच्या नोकरीत सर्वांत जड जाते ती नांगरावरची संध्याकाळ. काही वर्षांपूर्वी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदराबाहेर आमचे जहाज धक्क्याची वाट पाहत थांबले होते. जेवणघरात पोकरचा डाव रंगे. तेथेच मी 'टेक्सास होल्डेम' शिकलो. त्याच राज्यातील रॉब्सटाउन गावाला या खेळाचे जन्मस्थान म्हणून टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ साली मान्यता दिली आहे.

प्रत्येकाला दोन पाने मिळतात; पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडतात. वाटणाऱ्याच्या डावीकडील दोघांनी पाने पाहण्यापूर्वीच पैसे लावायचे, पहिल्याने निम्मे, दुसऱ्याने पूर्ण. इतरांपुढे तीन वाटा असतात. पाने टाकावीत, तेवढीच रक्कम भरून आत यावे किंवा ती वाढवावी. मधल्या वाटेला 'लिंपिंग', म्हणजे लंगडणे, म्हणतात.

मला तीच आवडे. एक डॉलर तर द्यायचा! पण रक्कम वाढवणाऱ्याला जिंकण्याच्या दोन संधी असतात. बाकीचे पाने टाकतील किंवा त्याची पाने सरस ठरतील. लंगडत येणाऱ्याला एकच. शिवाय मागून कुणी रक्कम वाढवली, की आपला डॉलर सोडून द्यावा लागतो. हाती लहान जोडी असेल आणि बरेच जण स्वस्तात आत आले असतील, तर ही चाल शहाणपणाची. पहिल्या तीन पानांत जोडीचे तिसरे पान येण्याची शक्यता सुमारे साडेआठांत एकदा. माझ्या हाती मात्र जोडी क्वचितच असे, असे ती केवळ आशा. करार संपताना हिशेब केला, तेव्हा धाकटीच्या प्रथम ख्रिस्तशरीर समारंभासाठी बाजूला ठेवलेले दोनशे डॉलर गेले होते. एकाही डावात मी मोठी रक्कम हरलो नव्हतो!

घरी परतल्यावर पत्नीला सारे सांगितले. ती रागावली नाही. "अहो, एकेक डॉलर टाकताना पोर आठवली नाही का?" एवढेच विचारले.

पुढे एका बुधवारच्या मिस्सात एलिया संदेष्ट्याचे वाचन आले. कर्मेल डोंगरावर तो लोकांना परमेश्वर आणि बआल यांतून एकाची निवड करायला सांगतो. दोहोंमध्ये डळमळणाऱ्यांसाठी तेथे आलेल्या मूळ हिब्रू शब्दात लंगडण्याचाच अर्थ आहे, असे फादरांनी प्रवचनात सांगितले. मी मान खाली घातली. रोझरीला अर्धे मन, बायबलला पाच मिनिटे, दुखावलेल्या भावाला रस्त्यात नुसते स्मित. घरीही माझा डाव तसाच चालला होता. स्वस्तात आत यायचे आणि कुणी अधिक मागितले, की उठून जायचे.

त्या सायंकाळी दोन वर्षांनी मी भावाच्या दाराची कडी वाजवली.