मामींची चक्की

घरी कॉफी करायला कोणतं यंत्र घ्यावं, असं ओळखीचे लोक मला विचारतात. मी जे सांगते त्यात माझं थोडंच असतं. बहुतेक सगळं ओझर टाउनशिपमधल्या आमच्या शेजारच्या मामींचं आहे.

ओझरला मिग विमानं बांधण्यासाठी १९६४ साली एचएएलचा कारखाना उभा राहिला आणि बंगळूर-मद्रासकडची कितीतरी कुटुंबं नाशिककर झाली. मामी त्यांतल्याच. आमच्या घरी कॉफी व्हायची ती एकादशीला किंवा खास पाहुणे आले की; दुधात उकळलेली, वर जायफळ. मामींकडे मात्र ओट्याच्या कडेला पेचाने आवळलेली लोखंडी चक्की होती आणि शेजारी पितळी फिल्टर. त्याला त्या भांडी बाजारातून कल्हई करून आणत. चक्कीचा दांडा फिरवायला मला बोलावणं यायचं. पूड पडली की मामी ती चिमटीत चोळून बघत आणि स्क्रू किंचित फिरवत. पूड फार बारीक झाली तर पाणी वरच तुंबतं, जाड राहिली तर भरभर खाली उतरतं आणि डिकॉक्शन पाणचट होतं. स्क्रू फिरवला त्या दिवशी त्या बाकी कशालाच हात लावत नसत. चिकोरी तेवढीच, पाणी तेवढंच. “एका वेळी एकच बदल गं,” असं म्हणत.

पुढे मी रसायनशास्त्र घेतलं. प्रयोगात एक घटक बदलताना बाकीचे स्थिर ठेवायचे, हे पुस्तकात आलं तेव्हा वर्गातल्या अनेकांना ते पाठ करावं लागलं. मला ते आधीच ठाऊक होतं, आणि कुणामुळे तेही.

नोकरी लागल्यावर मी विजेवर चालणारं कॉफीयंत्र घेतलं. बिया मिक्सरमध्ये दळायचे. कॉफी एकाच घोटात कडू आणि आंबट लागायची. सुट्टीत मामींना सांगितलं, तर त्यांनी यंत्राची चौकशीसुद्धा केली नाही. “दळतेस कशात?” एवढंच विचारलं. मिक्सरचं पातं बिया तोडतं. काहींची धूळ होते, काहींचे तुकडे राहतात. धुळीतून कडवटपणा उतरतो, तुकड्यांतून नुसता आंबटपणा. चक्कीत दोन दातेरी चकत्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, म्हणून दाणा सारखा पडतो. निष्कर्षण मी तोवर प्रयोगशाळेत कितीदा केलं होतं, पण ते मला खरं कळलं त्या दिवशी.

म्हणून विचारणाऱ्याला मी सांगते, निम्म्याहून जास्त पैसे चक्कीवर घाला. परवडत नसेल तर हाताची घ्या. सारखं दळणारी हातचक्की विजेच्या पात्यापेक्षा कधीही चांगली. यंत्र नंतर. फ्रेंच प्रेसला जाड रव्यासारखी पूड लागते आणि चार मिनिटं धीर. इटलीत १९३३ साली निघालेल्या मोका पॉटमध्ये वाफेचा दाब पाणी पुडीतून वर ढकलतो, त्याला बारीक पूड चालते. खऱ्या एस्प्रेसोला याहून बारीक आणि अगदी नेमकी, त्यामुळे ते यंत्र घरात आणण्याआधी चक्कीचाच खर्च दुप्पट धरावा. दूध घालून पिणाऱ्या आपल्या घरांसाठी माझं मन अजूनही स्टीलच्या साध्या दक्षिणी फिल्टरकडेच झुकतं. वीज नको, कागद नको, रात्री लावून ठेवला की सकाळी डिकॉक्शन तयार.

मामा निवृत्त झाल्यावर मामी म्हैसूरला गेल्या आणि जाताना चक्की माझ्याकडे ठेवून गेल्या. मी पैसे विचारले तेव्हा त्या रागावल्या होत्या. चिकमगळूरच्या नव्या बिया आणल्या की मी त्यांना फोन करते. बिया भाजून किती दिवस झाले, हे त्या आधी विचारतात. मग म्हणतात, “आता सांग, स्क्रू कुठे ठेवलास?”