मे महिन्यातला ओव्हरक्लॉक

प्रोसेसरचा वेग आपल्याला वाढवता येतो! तोही एक रुपया न खर्चता! रावेरात बसून लग्नांचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या माणसाला हे इतक्या उशिरा कळावं? माझा रायझन 5 2600. खोक्यावर 3.4 गिगाहर्ट्झ, बूस्ट 3.9. कंपनीने ठरवलं ते ठरलं, अशी माझी पक्की समजूत. मग एकदा कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये शिरलो, तर तो आकडा तिथे चक्क बदलता येतो! 100 मेगाहर्ट्झ बेस क्लॉक गुणिले 34 चा गुणक, हे झाले 3.4. त्या 34 चे 38 करा, झाले 3.8. त्या रात्री कसली झोप!

ओव्हरक्लॉकचा हा खेळ जुना आहे म्हणे. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए आला, तेव्हा लोकांनी त्याची बस, म्हणजे बेस क्लॉक, 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली आणि 300 चा स्वस्त प्रोसेसर 450 वर पळवला. आजचे विक्रमवीर तर उणे 269 अंशांचा द्रवरूप हेलियम ओतून 9 गिगाहर्ट्झच्या पुढे गेलेत. आपल्याकडे काय, तर 44 अंशांची दुपार.

आणि खरी गंमत इथेच आहे, भाऊ. तापमान वाचण्यात आमच्या रावेरचा हात कोण धरेल? इथे केळीच्या पीकविम्याची भरपाईसुद्धा पाऱ्याच्या आकड्यावर ठरते. तेच डोकं प्रोसेसरला लावायचं. पंख्याचा कूलर कितीही भारी घ्या, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून बघायचा तो फरक: प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान. जानेवारीत खोली 20 अंश, पूर्ण भार टाकल्यावर प्रोसेसर 72. फरक 52. हिवाळ्यात झकास! पण मे महिन्यात खोली 40 वर गेली की तीच सेटिंग 92 वर, आणि या चिपची मर्यादा 95. तिथे पोचली की ती स्वतःच वेग कमी करते, म्हणजे वाढवलेलं सगळं परत. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत बसून दिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळे.

दुसरी थक्क करणारी गोष्ट व्होल्टेजची. वेग वाढवला तर वीज त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढवलं तर वर्गाच्या प्रमाणात! 3.7 चे 4.0 करताना वेग 8 टक्के वाढतो, त्यासाठी 1.2 व्होल्टचे 1.3 करावे लागले, तर उष्णता 27 टक्क्यांच्या आसपास वाढते. म्हणून नवख्याने व्होल्टेजला हात लावण्याआधी गुणक चढवावा, एका वेळी पाव किंवा अर्धा. मग पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच चालवायचं आणि शेजारी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवायचं. कॉम्प्युटर बंद पडला की एक पायरी खाली या. स्क्रीनच आली नाही तर घाबरू नका. प्लग काढून मदरबोर्डवरचा बटणसेल थोडा वेळ बाहेर ठेवला की सगळं पूर्ववत होतं. उलटा प्रयोग तर मला जास्त आवडला. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं थोडं उतरवा. चिप थंड, काम तेवढंच!

मी सोबत आलेला बुटका कूलर काढून टॉवर कूलर बसवला, थर्मल पेस्ट नवी लावली (वाटाण्याएवढी पुरते, लोक लोण्यासारखी फासतात) आणि 52 चा फरक 38 वर आला. मग 3.9 वर थांबलो. 4.0 चा मोह होता, पण त्या शेवटच्या 100 मेगाहर्ट्झसाठी मागितलेलं व्होल्टेज मला परवडेना. रेंडर लवकर संपतो, आणि दुपारीही संपतो!

धुळीकडे मात्र दुर्लक्ष नको. काळ्या मातीची बारीक धूळ पंख्यात बसली की सगळा हिशेब बिघडतो, तेव्हा जाळी काढून झटकत राहा. कॅबिनेट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. खोलीत पाण्याचा कूलर लावलात तर कोरड्या मेमध्ये तापमान चांगलं उतरतं, पण त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका.

खरेदीआधी एवढं बघा: एएमडीचा ए320 बोर्ड असेल तर गुणक बदलता येत नाही, बी350 किंवा बी450 सारखा हवा. इंटेलमध्ये नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेतला बोर्ड लागतो. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि शेवटची चाचणी मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पाण्याचा कूलर बंद ठेवून घ्या. तिथे प्रोसेसर 85 च्या आत राहिला तर वर्षभर बायोस उघडायची गरज नाही.