गर्भवतीची रक्ततपासणी आणि आपली घरे

आमच्या शिवाजी पेठेत कोणा घरच्या सूनबाईस दिवस गेल्याचे कळले, की उभ्या मारुतीपासून निवृत्ती चौकापर्यंत ती वार्ता पोहोचण्यास फारसा वेळ लागत नाही. तिला काय खावेसे वाटते, उलट्या थांबल्या की नाही, डोहाळजेवण कोणत्या महिन्यात, पहिलटकरीण म्हणून माहेरी केव्हा धाडावयाची, ह्याची चौकशी दहा जणी करतात. रक्त तपासले काय, हेही हल्ली विचारतात; परंतु ते हिमोग्लोबिनासाठी आणि साखरेसाठी. त्याच वेळी एच.आय.व्ही.ची तपासणीही करून घ्यावयाची असते, हा विषय मात्र आमच्यासारख्या शिकलेल्या घरांत निघत नाही. निघालाच तर, ‘आपल्याकडे त्याची काय गरज?’ असे म्हणून मिटविला जातो. ह्या ‘आपल्याकडे’विषयीच आज आम्हांस थोडे बोलावयाचे आहे.

भारतात ह्या विषाणूचा पत्ता प्रथम लागला तो १९८६ साली मद्रासेत. डॉ. सुनीती सॉलोमन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला ह्यांनी रक्ताचे नमुने गोळा केले, आणि त्यांतून ही गोष्ट उघड झाली. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील. म्हणजे ज्या विषयाचा आपल्याशी संबंध नाही असे आपण म्हणतो, तो ह्या देशात उघडून दाखविला तोच एका मराठी विदुषीने. पुढे दक्षिण महाराष्ट्रातील जिल्हे ह्या रोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत गणले जाऊ लागले. विषाणू घराची पायरी चढताना कूळ आणि पदवी विचारीत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. पण ते दुसऱ्याच्या घराविषयी.

आईपासून मुलास हा संसर्ग तीन वेळी होऊ शकतो: पोटात असताना, प्रसूतीच्या समयी आणि अंगावर पाजताना. काहीच उपाय केला नाही तर शंभर बालकांपैकी १५ ते ४५ बालकांस तो होतो. १९९४ साली अमेरिका व फ्रान्स येथील एका प्रयोगात असे दिसले की, गर्भवतीस व नवजात बालकास झिडोव्ह्युडिन हे औषध दिल्यास हे प्रमाण शेकडा सुमारे २५ वरून ८ वर येते. १९९९ साली युगांडातील प्रयोगाने नेव्हिरापिनचा एक डोस आईस व एक बाळास देण्याचा स्वस्त मार्ग दाखविला, आणि २००२ पासून आपल्या सरकारने तोच पत्करला. २०१४ पासून मात्र धोरण पालटले. तपासणीत विषाणू आढळलेल्या प्रत्येक गर्भवतीस लागलीच औषध सुरू करावयाचे आणि ते जन्मभर चालू ठेवावयाचे. आज बहुधा दिवसातून एक गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर आईच्या रक्तातील विषाणू इतके घटतात की, स्तनपान करूनही बाळास होणारा संसर्ग शेकडा पाचाच्या खाली येतो. जन्मल्यावर बाळासही निदान सहा आठवडे पातळ औषध द्यावयाचे असते.

हे सारे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळते. पेठेतून दसरा चौकाकडे गेले की आमचे सी.पी.आर. रुग्णालय लागते, तेथे तपासणी आहे, समुपदेशक आहेत, औषधाचे केंद्रही आहे. हे रुग्णालय आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखले जाई, तेव्हा डॉ. कृष्णाबाई केळवकर तेथे स्त्रियांस औषधोपचार करीत. बाईमाणसाने इस्पितळात जावे काय, हाच त्या काळचा प्रश्न होता. तो सुटला. आजचा प्रश्न निराळा आहे, आणि तो इस्पितळात नसून आपल्या माजघरात आहे.

आमच्या परिचयातील एका घरची हकीकत सांगतो. घरच्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल अशा खुणा गाळल्या आहेत. पेठेतील वाचकांनी तर्क करीत बसू नये. तेथील सूनबाईस तिसऱ्या महिन्यात तपासणीत हा दोष आढळला. मागाहून पतीचीही तपासणी झाली. तोही तसाच निघाला. ज्याची तपासणी आधी होते त्याच्यावर आळ येतो, आणि गर्भारपणामुळे पहिली तपासणी बहुधा बायकोचीच होत असते. कित्येक सुनांस ह्याच न्यायाने माहेरची वाट दाखविण्यात आली आहे.

सूनबाईने आपण होऊन सासूबाईंस सांगितले. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी तिचे ताट-वाटी वेगळे काढले. परंतु बाई विचारी. आठ दिवसांनी सुनेच्याच सांगण्यावरून तिच्याबरोबर समुपदेशकांकडे गेल्या, तासभर प्रश्न विचारून आल्या, आणि संध्याकाळी ते ताट मांडणीत परत इतर ताटांच्या चळतीत ठेवले. एका ताटात जेवल्याने, एका न्हाणीत नाहल्याने, लेकरास मांडीवर घेतल्याने हा रोग होत नाही. रात्री नऊ वाजले की गोळीची आठवण त्याच करू लागल्या.

माहेरी धाडण्याचा प्रश्न सातव्या महिन्यात आला. ही आपली चाल प्रेमाची आहे, पण नेमके ह्याच काळात औषधात खंड पडण्याचे भय असते. आधी केंद्रात सांगितले तर माहेराजवळच्या केंद्रातून गोळ्या मिळण्याची व्यवस्था होऊ शकते. सूनबाईच्या माहेरी काहीच ठाऊक नव्हते आणि तिला ते कळवावयाचे नव्हते. तेव्हा ‘डॉक्टरांनी प्रवास नको म्हटले आहे’ असे सासूबाईंनी कळवून टाकले. ह्या असत्याबद्दल त्यांस कोणी दोष देऊ म्हटले तर आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू.

खरी कसोटी बाळंतपणानंतर लागली. बाराव्या दिवशी नात्यातील वडीलधाऱ्या बायका सहाण घेऊन बसल्या: वेखंड, मायफळ, हळकुंड उगाळून मधाचे बोट लावावयाचे. अशा आईच्या बाळास पहिले सहा महिने अंगावरच्या दुधावाचून गुटी, मध, पाणी, गाईचे दूध, काही म्हणता काही द्यावयाचे नसते. वैद्याने सांगितलेले औषध तेवढे अपवाद. वरच्या वस्तूंनी कोवळ्या आतड्याच्या अस्तरास इजा होते आणि दुधातून येणाऱ्या विषाणूस वाट मिळते. दक्षिण आफ्रिकेतील संशोधनात असे आढळले की, केवळ आईच्या दुधावर असलेल्या बालकांपेक्षा दुधाबरोबर इतर आहारही मिळणाऱ्या बालकांस संसर्ग अधिक होतो. काही कारणाने वरचे दूध द्यावयाचे ठरलेच, तर वैद्याच्या सल्ल्याने सर्वस्वी वरचेच द्यावे. दोहोंची भेसळ सर्वांत वाईट. सासूबाईंनी सहाण उचलून कोनाड्यात ठेवली आणि ‘आमच्या घरी गुटी नाही’ एवढेच म्हणाल्या. चार बायका रुसून गेल्या. आजीबाईंच्या राज्यात गुटी बंद करणे हे काय धाडस आहे, ते एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांसच कळेल!

ह्या घरी सुनेने सांगितले म्हणून कळले. तिने न सांगण्याचे ठरविले असते तर तेही तिच्या अधिकारातच होते. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आणि तिचा निकाल सासऱ्यांस वा दिरांस सांगण्याचा अधिकार रुग्णालयास नाही. आपल्या घरांत टपाल कोणीही फोडतो, कपाट कोणीही उघडतो, इस्पितळाची फाईल दिवाणखान्यात पडलेली असते. ह्या मोकळेपणाचे आम्ही एरवी कौतुक करतो. पण जिला गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात लपवावी लागते, तिची एखादी गोळी हटकून चुकते.

क्यूबाने २०१५ साली, थायलंडने २०१६ साली आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ साली आईकडून बाळास होणारा हा संसर्ग जवळजवळ नाहीसा केल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळविली.

मुलाचे काय झाले, हे वाचक विचारतीलच. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी झाली. आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून साधी तपासणी तोवर फसवी ठरते आणि अखेरचा निर्णय अठराव्या महिन्यानंतरच होतो. तो झाला, आणि मूल निर्दोष निघाले. त्या दिवशी नातू सी.पी.आर.च्या व्हरांड्यात एका जागी बसेना, दोनदा पायऱ्यांपर्यंत पळाला, असे सासूबाई सांगत होत्या.