चौथा डाऊन

मंडळी, आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा. अमेरिकन लोक चेंडू बगलेत मारून पळत सुटतात आणि त्यालाच फुटबॉल म्हणतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. एकेका प्रयत्नाला डाऊन म्हणतात. आजच्यापुरतं एवढं पुरे.

२००५ साली मी ऑस्टिनला नोकरी करत होतो आणि माझा धाकटा भाऊ लॉस एंजेलिसला यूएससीत एमएस करत होता. फी माझ्या खिशातून. दिवाळीत फोनवर तो म्हणाला, "दादा, मला झेपत नाहीये. एक सेमिस्टर सोडतो." मी काय करावं? एक एक्सेल शीट बनवून पाठवली. खर्च किती झाला, उरला किती, पदवीनंतर पगार किती, सगळं. उत्तर आलंच नाही. त्यानंतर महिनाभर फोन बंद. आई पुण्याहून दोघांशी वेगवेगळी बोलायची आणि एकाचं दुसऱ्याला काही सांगायची नाही.

डिसेंबरात ठरलं की राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना ४ जानेवारी २००६ ला पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये, यूएससी विरुद्ध टेक्सास. म्हणजे त्याचं कॉलेज विरुद्ध माझं गाव! मी मेल टाकली, 'कोण जिंकणार?' एका शब्दात उत्तर आलं, 'टेक्सास.' माझं उत्तर होतं यूएससी. ज्याने त्याने दुसऱ्याचा संघ धरलेला.

माझी बाजू भक्कम होती हो. यूएससी सलग ३४ सामने जिंकून आलेली. मॅट लायनर्ट २००४ चा हाइसमन विजेता, रेजी बुश २००५ चा. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हा मान मिळवलेले दोघे एकाच संघात, एकाच वेळी! टेक्सासही सलग १९ जिंकलेली आणि दोघांची सरासरी सामन्याला पन्नासच्या आसपास गुण. पण सट्टेवालेसुद्धा यूएससीलाच वरचढ धरत होते. मी नेहमीप्रमाणे शीट बनवली, उत्तर आलं यूएससी.

धाकट्याने लांबलचक मेल लिहिली. महिन्याभरात पहिल्यांदाच. 'फ्रेस्नो स्टेटने आमच्यावर ४२ गुण चढवले, आम्ही ५० केले म्हणून वाचलो. नोत्र दामला शेवटच्या सेकंदांत कसेबसे हरवलं. तुझ्या शीटमध्ये हे सगळे विजय सारखेच. उलट टेक्सासने ओहायो स्टेटला त्यांच्या घरात जाऊन हरवलंय, कोलोरॅडोला ७०-३ ने चिरडलंय. आणि व्हिन्स यंग. गेल्या रोझ बोलमध्ये मिशिगनविरुद्ध एकट्याने पळून चार टचडाऊन. आमचा बचाव त्याला कुठे अडवणार?'

मला पटलं नाही. (पटलं असतं तरी मोठ्या भावाने कबूल करायचं असतं का?)

सामन्याच्या रात्री पावणेसात मिनिटं उरली असताना यूएससी ३८-२६ ने पुढे. मी मनातल्या मनात मेलचा मसुदाही तयार केला. मग यंग पळाला, ३८-३३. दोनेक मिनिटं राहिली तेव्हा यूएससीचा चौथा डाऊन, हवेत फक्त दोन यार्ड. मिळाले की सामना खिशात. चेंडू लेनडेल व्हाइटकडे. त्या रात्री शंभराच्या वर यार्ड पळालेला गडी, हिशेबाने निर्णय अगदी बरोबर. टेक्सासने त्याला अडवला. आणि रेजी बुश त्या वेळी मैदानाबाहेर उभा!

शेवटी १९ सेकंद उरले असताना टेक्सासचा चौथा डाऊन. यंगला पास द्यायला कुणी मोकळा दिसेना, तो उजवीकडून सुटला तो थेट कोपऱ्यात. ४१-३८. त्या रात्रीत तो २०० यार्ड पळाला, वर २६७ यार्डांचे पास. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

फोन मीच केला. तो नुसता हसत होता. स्वतःचं कॉलेज हरलं तरी.

मग मी विचारलं, "सेमिस्टरचं काय?"

"सोडतोय, दादा."

"बरं."

पुढे वर्षभराने त्याने पदवी पूर्ण केली, ती वेगळी गोष्ट. पण २०१० मध्ये गंमत झाली. बुशच्या घरच्यांनी एजंटांकडून पैसे, सवलती घेतल्याचं निघालं आणि एनसीएएने यूएससीचे त्या मोसमातले सगळे विजय रद्द केले. रद्द फक्त विजय होतात, पराभव तसाच राहतो. म्हणजे अधिकृत कागदावर २००५ चा हिशेब झाला शून्य विजय, एक पराभव. बुशने हाइसमनही परत केला. तो २०२४ मध्ये त्याला पुन्हा मिळाला, विजय मात्र गेले ते गेलेच.

बातमी आली त्या दिवशी धाकट्याची मेल आली होती: 'दादा, ती शीट आता पुन्हा चालवून बघ.'