बंडल अप!

आपल्या होस्टेलवर ‘बंडल’ या शब्दाला दोनच अर्थ. कुणी थाप मारली की ‘बंडल मारतोय’ आणि पिक्चर पडेल निघाला की ‘एकदम बंडल’. त्यामुळे २०१८ मध्ये एमएससाठी शिकागोला गेलेल्या माझ्या मावसबहिणीने फोनवर सांगितलं, की इथे थंडी पडली की लोक ‘बंडल अप’ म्हणतात, तेव्हा मला जाम हसू आलं.

अर्थ सरळ आहे : भरपूर गरम कपडे चढव, स्वतःचं गाठोडं करून घे. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या टीचर ब्रिटिश वळणाचं ‘रॅप अप’ म्हणायच्या. पण ते गिफ्टलाही चालतं आणि मीटिंग गुंडाळायलाही! ‘बंडल अप’ म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर गोल गोल होत जातो.

आणि तिथे व्हावंच लागतं. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोचा पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. टपालवाटपसुद्धा बंद! अशा वेळी एकच जाडजूड कोट पुरत नाही. (हीट ट्रान्सफरचा पेपर दिलेल्यांनी पुढची चार वाक्यं सोडावीत.) ऊब असते ती कपड्यांत अडकलेल्या स्थिर हवेत, म्हणून थरावर थर. अंगालगतचा थर सुती नको, घामाने ओला झाला की तोच गारठवतो. मधे लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. हातमोजेही चारही बोटांना एकच कप्पा असलेले बरे, बोटं एकमेकांना ऊब देतात.

पण ताईच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. हा शब्द घरगुती आहे, आया पोरांना म्हणतात तसला. तिथे तिचं म्हणावं असं कुणीच नव्हतं. क्लास, लॅब, खोली. एका संध्याकाळी बसमधून उतरताना म्हाताऱ्या ड्रायव्हरने तिच्या उघड्या डोक्याकडे बघून म्हटलं, ‘बंडल अप!’ ती स्टॉपवरच रडली म्हणे.

मराठीत याला काय म्हणावं? ‘उबदार कपडे घालणे’ हे बरोबर आहे, पण गारठलेलं. शेवटी मावशीचंच वाक्य सापडलं : ‘कान बांध गं!’

ताई आता तिथेच नोकरी करते. जानेवारीत आपल्याकडची नवी पोरं आली की एअरपोर्टवर घ्यायला जाते, एक जादा जॅकेट घेऊन. हाय-हॅलोच्या आधी म्हणते, ‘कान बांधा रे.’