ईव्ह जेन्ट्रीची पाटी

ईव्ह जेन्ट्री ही अमेरिकेतली आधुनिक नृत्याची नर्तकी. नाच कागदावर उतरवून ठेवता यावा म्हणून १९४० साली न्यूयॉर्कमध्ये डान्स नोटेशन ब्युरो ज्यांनी सुरू केला, त्यांतली ती एक. व्यायामाची स्वतःची पद्धत घडवणाऱ्या जोसेफ पिलाटेसकडे ती शिकायला गेली आणि पुढे त्याच्याच स्टुडिओत शिकवू लागली. १९५०च्या दशकात स्तनाच्या कर्करोगासाठी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या काळची ती शस्त्रक्रिया म्हणजे स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकणं. नर्तकीचा हातच उचलेना. जोसेफच्या देखरेखीखाली तिने त्या हाताची हालचाल परत मिळवली. मग न्यू मेक्सिकोतल्या सान्ता फे इथे जाऊन ऐंशी ओलांडेपर्यंत शिकवत राहिली. १९९१ मध्ये तिच्या साथीने तिथे एक संस्था उभी राहिली. संस्थेच्या नावात ‘पिलाटेस’ होतं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका फिजिओथेरपिस्टने त्या नावाचे ट्रेडमार्क विकत घेतले, आणि प्रकरण कोर्टकचेरीवर गेल्यावर सान्ता फेच्या संस्थेला आपली पाटी बदलावी लागली.

ज्या बाईचा हात खुद्द पिलाटेसने उभा केला, तिच्या संस्थेला पिलाटेस म्हणवून घेता येईना. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी स्वतः पिलाटेस शिकवायला लागून बराच काळ लोटला होता. तेव्हा आलेली चीड अजून पुरती उतरलेली नाही.

जोसेफबद्दल थोडक्यात. जन्म १८८३, जर्मनीतलं म्योन्शनग्लाडबाख. लहानपणी दम्याने आणि मुडदुसाने बेजार. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत. १९२६ मध्ये अमेरिकेला आला आणि आपली जोडीदार क्लारा हिच्या साथीने न्यूयॉर्कच्या एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर स्टुडिओ थाटला. आपल्या पद्धतीला तो कंट्रोलॉजी म्हणायचा. यंत्रांची पेटंटं त्याने घेतली, पण नावाची आणि शिष्यांची घडी काही नीट बसवून गेला नाही. १९६७ मध्ये तो वारला.

त्या स्टुडिओचा जिना सगळ्यात जास्त झिजवला तो नर्तकांनी. जॉर्ज बॅलन्शीन आणि मार्था ग्रॅहम हे नृत्यदिग्दर्शक आपल्या दुखावलेल्या मुलामुलींना त्याच्याकडे धाडत. रोमाना क्रिझानोव्स्का ही बॅलन्शीनच्या शाळेतली मुलगी. विशीच्या आतच घोटा दुखावला, म्हणून १९४०च्या सुमाराला ती जोसेफसमोर येऊन उभी राहिली आणि २०१३ मध्ये मरेपर्यंत त्याचीच झाली. कॅथी ग्रँट ही कृष्णवर्णीय नर्तकी गुडघा घेऊन आली. लोलिता सान मिगेल ही मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बॅलेत नाचणारी. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेट युनिव्हर्सिटीमार्फत कॅथी आणि लोलिता या दोघींना शिक्षिका म्हणून प्रमाणपत्र मिळालं. जोसेफच्या हयातीत असा अधिकृत कागद हातात पडलेल्या या दोघीच मानल्या जातात.

नर्तकांना तो का पटला, हे रिफॉर्मर या त्याच्या यंत्रावर एकदा आडवं झालं की कळतं. लाकडी चौकट, तिच्यात रुळांवर सरकणारी गादी, गादीला खालून लावलेल्या स्प्रिंगा. पाठीवर झोपायचं, पावलं समोरच्या दांडीवर टेकवायची, पाय ताणून गादी लांब ढकलायची आणि परत आणायची. ढकलणं सोपं असतं. परत येताना स्प्रिंग ओढून घेते, तिला खट्ट आवाज न होऊ देता आवरायचं, सगळी परीक्षा तिथे आहे. उडी मारून खाली येताना गुडघा, घोटा आणि कंबर जे करतात तेच इथे करायचं, पण शरीराचं वजन त्यांच्यावर न टाकता. त्यामुळे गुडघा कुठे आत वळतो, कुठली टाच आधी उचलते, ते लपत नाही. उभं राहून नाचताना आपण हजार युक्त्यांनी ते झाकतो.

मी मूळची कथकची, आणि कथकमध्ये तर झाकायला भरपूर वाव. आम्ही तत्कार केला तो शहाबादी फरशीवर. बॅलेच्या वर्गात खाली लवचीक लाकडी जमीन असते. आमच्याकडे फरशी आणि तिच्याखाली काँक्रीट, एकेका पायात शंभर-दीडशे घुंगरू, आणि दुगुन-चौगुन करत वाढत जाणारी लय. पाऊल सपाट आपटायचं, तेही तासन्‌तास. चक्करं डाव्या टाचेवर आणि बहुतेक सगळी एकाच दिशेने. पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली आणि मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या मुलींसाठी कथकचं दार उघडलं. त्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या मुली आत आल्या, मीही त्यांच्यातलीच एका पिढीची. ताल, बोल, ठाट, गतनिकास, अभिनय यांवर परीक्षेत मला खूप विचारलं गेलं. गुडघ्यात काय काय असतं, हे कुठल्याच परीक्षेत कुणी विचारलं नाही.

माझा डावा गुडघा गेला. अस्थितज्ज्ञांनी एमआरआय बघून नाच बंद करायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नाच बंद करून बसलेल्या बाईने उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हा काही त्यांचा विषय नव्हता. फिजिओथेरपीच्या खोलीत रिफॉर्मर पाहिला तो त्यानंतर. पहिल्या दिवशी उजवा पाय लोण्यासारखा सरकला आणि डावा थरथरत राहिला. इतक्या वर्षांच्या रियाझात ते एकदाही दिसलं नव्हतं. मला रडू आलं नाही, हुशारी वाटली. काहीतरी शिकण्यासारखं पुन्हा सापडलं होतं.

आता त्या खटल्याकडे येते, कारण तोच डोक्यातून जात नाही. रोमाना चालवत असलेला न्यूयॉर्कचा स्टुडिओ १९८९ मध्ये बंद पडला. नाव मात्र कागदोपत्री हस्तांतरित होत राहिलं आणि १९९२ मध्ये त्या फिजिओथेरपिस्टकडे आलं. त्याने देशभरच्या शिक्षकांना वकिलांमार्फत पत्रं धाडली: नाव वापराल तर खटला भरू. ज्यांच्याकडे दोन खोल्या आणि एखादं यंत्र, ते कुठून लढणार? अनेकांनी पाट्या उतरवल्या, जाहिरातींत आडवळणाचे शब्द घातले. ज्यांनी जोसेफच्या हातचे धपाटे खाल्ले होते, त्यांच्या शिष्यांना तोंडातून त्याचं नाव काढायची चोरी झाली. कॅलिफोर्नियातला केन एन्डलमन हा यंत्रं बनवणारा मात्र अडून बसला. खटला वर्षानुवर्षं चालला. १९ ऑक्टोबर २००० रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश मिरियम गोल्डमन सीडरबॉम यांनी निकाल दिला, की योग किंवा कराटे यांच्याप्रमाणेच पिलाटेस हे एका व्यायामपद्धतीचं नाव आहे, त्यावर कुणा एकाची मालकी चालणार नाही. ट्रेडमार्क रद्द झाले.

ईव्ह तोवर गेली होती. १९९४ मध्येच.

आणखी एक गोष्ट मला छळते. रोमाना त्या काळात ट्रेडमार्कच्या मालकाच्याच स्टुडिओत शिकवत होती. जिने या पद्धतीला सगळं आयुष्य दिलं, ती त्या बाजूला होती. तिचं म्हणणं असणार, की जोसेफने शिकवलं तस्संच टिकलं पाहिजे आणि ज्याला-त्याला नाव लावू दिलं तर काहीच टिकणार नाही. मी बरीच वर्षं तिच्यावर मनातून रुसून होते.

मुळशीत आल्यावर तो रुसवा डळमळला. भूगाव, भुकूम, पिरंगुट हा पट्टा गेल्या काही वर्षांत सोसायट्यांनी भरून गेला. मी वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत शिकवते. सकाळी कंप्युटरवर मान वाकवून बसणाऱ्या बायका येतात, आणि दुपारी पौडच्या बाजूच्या खेड्यांतल्या काही जणी. त्यांच्यासाठी रिफॉर्मर नाही, सतरंजी आहे. जोसेफनेही मॅटवरचे व्यायाम पुस्तकात दिलेच होते, १९४५ मध्ये.

मुळशीचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथली आवणी सांगायला नको. आषाढात गुडघाभर चिखलात उभं राहून कमरेतून वाकायचं, हातातल्या मुठीतली भाताची रोपं एकेक करून रोवायची, आणि पाठमोरं मागे सरकत जायचं. दिवसभर. एक मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या टाचांच्या भेगांत चिखल वाळून बसला होता. मी त्यांना पाठीवर झोपून गुडघे उभे करायला सांगितलं. त्या शेजारणीला म्हणाल्या, “हे निजून करायचं व्हय? घरी आशी निजले तर सासू काय म्हनंल?” सगळ्या हसल्या. मग श्वास सोडत मणका-मणका करून पाठ उचलायला लावली, आणि तसंच मणका-मणका करून खाली. तिसऱ्या वेळेला त्या थांबल्या. म्हणाल्या, “ताई, हितनं खाली टेकतच नाय.” बोट बरोबर कमरेच्या खळगीवर होतं. नाच शिकलेल्या मुलींनाही ही जागा इतकी अचूक सापडत नाही. आवणीत वाकायचं थांबणार नाही, पण कमरेऐवजी मांड्यांच्या सांध्यातून कसं वाकायचं ते आम्ही चूल सारवायच्या पद्धतीनेच बसवलं. मावशी अजून येतात, आवणीचे दिवस सोडून.

याच पट्ट्यात आता पिलाटेसच्या पाट्याही पुष्कळ लागल्या आहेत. चांगलं शिकवणारे आहेतच. पण दोन दिवसांचा कोर्स करून, गाणं लावून, मणक्याची चकती सरकलेल्या बाईला ‘हंड्रेड’ करायला लावणारे वर्गही मी पाहिले आहेत. हंड्रेड म्हणजे पाठीवर झोपून डोकं आणि पाय उचलून धरायचे आणि पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, असे हात शंभर वेळा हलवायचे. कणखर माणसाला त्याने जोम येतो, सरकलेल्या चकतीचं भलं होत नाही. ती बाई माझ्याकडे आली तेव्हा पाय बधिर होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की नावावर कुणाचा तरी पहारा हवा होता.

पुण्याच्या माणसाला अशा पहाऱ्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. जोसेफसारखेच तेही लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी खंगलेले. त्यांनीही दोऱ्या, पट्टे, विटा, खुर्च्या, बाकं अशी साधनं घडवून दुखणेकऱ्यांना आसनांपर्यंत पोचवलं. शिवाजीनगरची त्यांची संस्था १९७५ची. जोसेफच्या स्प्रिंगा आणि अय्यंगारांच्या दोऱ्या मला एका घरातल्या वाटतात. पण अय्यंगारांच्या नावाने शिकवायचं तर वर्षानुवर्षं शिकून टप्प्याटप्प्याने परीक्षा द्यावी लागते. जोसेफने तसं काही केलं असतं, तर कॅथी आणि लोलितासारखे कागद आणखी शंभर जणांच्या हाती पडले असते, आणि नाव बाजारात विकायला आलंच नसतं. आता असं वाटतं, आणि तरीही ईव्हच्या संस्थेची पाटी आठवली की माझं रक्त तापतंच. पहारा शिकवणाऱ्यांचा असावा, विकत घेणाऱ्याचा नव्हे, इतपत मी पोचले आहे. रोमाना नेमकी कुठे बसते हे मला अजून ठरवता येत नाही.

शिक्षक निवडताना काय बघावं, असं मला फोनवर बरेच जण विचारतात. पहिल्या भेटीत त्याने तुमची जुनी दुखणी विचारली का, हात लावून श्वास तपासला का, आणि ‘हे तुम्ही करायचं नाही’ असं एकदा तरी म्हटलं का, एवढं बघा. भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र त्यानंतर.

कथक शिकणाऱ्या मुली येतात त्यांना मी वेगळं सांगते. रियाझाआधी पावलांचे व्यायाम, फरशीवर निदान रबरी चटई, आणि चक्करं उलट्या दिशेनेही, उजव्या टाचेवर. मंचावर नकोत, रियाझात घ्या. त्यांच्यातल्या एकीच्या गुरूंना हे मुळीच पसंत नाही. परंपरेत डावी टाच आहे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना भेटायला जाणार आहे. वाद घालायला नाही, त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याची चौकशी करायला.