गल्फ स्ट्रीमच्या काठावरून

हॅटरस, 12 जून

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार,

तिकडे पावसाळी मासेमारीबंदी लागली, तुमची होडी शाकारून झाली असेल. मी आणि मित्र काल इथे पोचलो. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापुढे वाळूच्या बेटांची रांग आहे, तिच्यातलं हे गाव. गल्फ स्ट्रीमचा ऊन प्रवाह इथून फार जवळून जातो, म्हणून खोल पाण्यातला मोठा मासा एका दिवसाच्या पल्ल्यात मिळतो. अर्नल फॉस्टर यांनी 1937 साली खास पाहुण्यांना मासेमारीला न्यायला ‘अल्बट्रॉस’ बांधली. गावाचा हा धंदा तेव्हापासूनचा. पहाटे निघतोय.

चिरंजीव

हॅटरस, 14 जून

ती. अण्णांस सा. न.,

काल दिवसभर तुमची आठवण येत होती. उजाडताना पाणी हिरवट होतं. दोनेक तासांनी तांडेलाने पुढे बोट दाखवलं. पाणी एकदम गर्द निळं, आणि त्या सीमेवर सोनेरी शेवाळाची लांब रेघ. तुम्ही पाखरं बघून जाळं टाकता, हा शेवाळ बघतो आणि पाण्याचं तापमान. शेवाळाखाली बारीक मासा आसरा घेतो, त्याच्या मागे मोठा येतो.

खलाशी तरुण मुलगा. वीतभर लांबीचे चोचवाले मासे गळाला असे ओवायचा, की ओढताना जिवंत पोहतायत असं वाटावं. त्याच्या हातांवरून माझी नजर हटेना. गळाला आधी माही-माही लागले. पाण्यात हिरवे-पिवळे-निळे, फळीवर मेले की रंग विझतो. मग पिवळ्या पराचा ट्यूना, आपल्या कुप्याच्या जातीतला. तो वर यायचा सोडून खालीच जातो, दंड भरून आले.

दुपारी मार्लिन लागला. रीळ किंचाळलं, तो दूरवर पाण्याबाहेर उसळला. मित्र खुर्चीत बसून ओढत होता, तांडेल बोट मागे मागे घेत होता. शेवटी खलाशाने हातमोजे घालून दोर धरला, मासा बाजूला आणला, आणि पाण्याबाहेर न काढताच गळ काढून सोडून दिला! तुम्ही म्हणाल, एवढा मासा सोडला? इथे मार्लिन सोडून देण्याची चाल 1958 पासून आहे. फॉस्टरांच्याच कुटुंबातल्या बोटीवर ती सुरू झाली. ज्यांचं पोट पाहुण्यांवर, त्यांनाच मासा उद्याही समुद्रात हवा आहे. मला ते पूर्ण पटलं.

ट्यूना आणि माही मात्र आम्ही खाल्ले. धक्क्यावर साफ करून देतात. हळद, तिखट, कोकम लावून तळले. कोकम मी घरूनच बरोबर आणलं होतं.

अण्णा, उद्याचा मासा आपल्यालाही हवाच. बंदीच्या दिवसांत मच्छीमार सोसायटीची बैठक होईल तेव्हा एवढं मांडा. पापलेट 2023 साली आपला राज्यमासा झाला. त्याची पिल्लं निसटतील एवढ्या मोठ्या आसाचीच जाळी सगळ्यांनी वापरावी. तुमचं ऐकतील.

चिरंजीव